भंडाऱ्याखालची पणती

पणती तेवत होती आणि पोरगी तापानं फणफणत होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. प्रशिक्षण पुण्यात झालं होतं, गारेगार सभागृहात, जेवणाला बासुंदीही होती. त्यामुळे तिथं सगळंच पटलं होतं.

पोरीचं नाव माया बंडगर, वय आठ. देवमाळच्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात तिला भर दुपारी तिच्या आजीनं पाठुंगळी मारून आणलं. आजीचं नाव बायाक्का. माझ्याच वयाची, साठीला टेकलेली. फरक इतकाच की मी एक जिना चढले तरी धापा टाकते आणि ही बाई उन्हात अख्खा माळ तुडवत नात घेऊन आली होती. तिच्या मागोमाग मायाची आई प्रतीक्षा, पदरानं डोळे पुसत. बाप मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेला.

"ताप कधीपासून आहे?" मी विचारलं.

"लई दिस झालं," प्रतीक्षा म्हणाली. "पर पट्टी बरी म्हणतीया न्हवं. फोनवर रोज येतंय, पणती तेवती हाय, काळजी नसावी. म्हणून थांबलो."

मी मायाला खाटेवर घेतलं. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ तडकलेले, जीभ लाल आणि दाणेदार. तळहात सुजलेले, पोटावर पुरळ, आणि पोटाला नुसता हात लावला तरी पोरगी कण्हत होती. नाडी धावत होती.

"चैती कधी येऊन गेला हिला?"

"म्हैना झाला आसंल. दोन-तीन दिस निजून हुती, मग लागली हुंदडाया."

मी मायाचे सुजलेले तळहात पुन्हा उलटून बघितले.

चैती काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी हा नवा विषाणू ऐन चैत्रात आला, म्हणून लोकांनीच त्याचं हे नाव पाडलं. ताप तसा साधा. मुलं दोन-तीन दिवस मलूल पडतात, मग उठून खेळायला लागतात. खरी गोम पुढे आहे. विषाणू शरीरातून गेला की काही आठवड्यांनी, अगदी थोड्या मुलांत, शरीराचं संरक्षक दळ पुन्हा खवळून उठतं. चोर केव्हाच पळालेला असतो, पण राखणदार अंधारात काठ्या फिरवत राहतात आणि घरातलीच भांडीकुंडी फोडतात. रक्तवाहिन्यांची अस्तरं सुजतात. हृदयाला रक्त पोचवणाऱ्या बारीक नळ्या फुगतात, हृदयाचा स्नायू ढिला पडतो. वेळेत हा दाह थांबवला तर मूल महिन्याभरात पुन्हा झाडावर चढतं. पहिल्या वर्षी आम्हाला वेळ कळायचीच नाही, आणि आम्ही फार मुलं गमावली.

मग पणती आली. रुपयाएवढी चिकटपट्टी, दंडावर लावायची. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, टोचलेल्या कळतही नाहीत. त्या कातडीखालचा रस ओढून घेतात. पट्टीत एक रंगद्रव्य आहे. त्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. दाहाच्या वेळी अंगात जी प्रथिनं वाढतात, ती या रंगद्रव्याला चिकटतात आणि त्याची चमक विझवतात. म्हणजे हिरवा उजेड लख्ख तर मूल सुखरूप, उजेड मंद झाला तर धोका. पट्टी स्वतःच अधूनमधून निळा प्रकाश टाकून चमक मोजते आणि पुण्याच्या केंद्राला कळवते. चैती होऊन गेलेल्या प्रत्येक मुलानं सहा आठवडे लावायची, दर आठवड्याला नवी. आमच्याकडे ती तपासायला टॉर्चसारखा एक वाचक असतो. पट्टीवर धरला की निळा झोत पडतो आणि एक गोड बायकी आवाज म्हणतो, "पणती तेवती आहे. काळजी नसावी."

तो आवाज माझ्या मुलीचा, ऋताचा. पणती बनवणाऱ्या चमूची ती प्रमुख. पणतीनं हजारो मुलं वाचवली हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन, आणि ती माझ्या मुलीनं केली हे कुणी न विचारताच सांगते.

मी वाचक मायाच्या दंडावर धरला. "पणती तेवती आहे," माझी मुलगी म्हणाली. "काळजी नसावी."

"तुझ्या तोंडाला काय जातंय," मी म्हणाले आणि पुण्याला फोन लावला.

उपचार खोलीच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, त्यावर ऋता आली. केस तसेच वर बांधलेले, हातात कॉफी. तिच्या मागे अख्ख्या राज्याचा नकाशा लुकलुकत होता.

"आई, बघितलं मी. बंडगर माया. चमक एकदम छान आहे."

"मलाही दिसतेय चमक. पण मला पोरगीही दिसतेय, ती तुला दिसत नाहीये. ऋता, हा चैतीचा दाह आहे. कपाट उघड."

कपाट म्हणजे शमनचं कपाट. शमन हे या दाहावरचं एकमेव औषध. साध्या स्टेरॉइडला हा दाह दाद देत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. प्रत्येक रुग्णालयात शमनच्या काही कुप्या एका पोलादी थंड कपाटात असतात. त्याला चावी नाही. एखाद्या मुलाची पणती मंद झाली की केंद्र इथलं कुलूप उघडतं, एरवी समितीच्या ठरावाशिवाय नाही. वरती कॅमेरा, कोण किती औषध घेतो ते बघायला.

"आई, टायफॉइड असेल, डेंग्यू असेल. रक्त तपासून घे ना."

"कुठे तपासू? पणती आली म्हणून तुम्हीच आमची रक्त तपासायची खोली बंद केलीत. तिथं आता फलक ठेवतात. तुझाही फोटो आहे एकावर."

"चिडू नकोस."

"मी पहिल्या वर्षी हे डोळे, हे ओठ, ही जीभ इतक्या पोरांत पाहिलीय की झोपेत ओळखीन."

"पहिल्या वर्षी तुम्ही सगळे डोळ्यांनीच ओळखत होतात, आई," ऋता हळू आवाजात म्हणाली. "आठवतं ना?"

आठवत होतं. तो टोमणा नव्हता, खरं होतं ते. शमन नवं आलं तेव्हा ज्या पोराला ताप, त्याला ते टोचलं गेलं. शमन शरीराच्या राखणदारांना झोपवतं. विषाणू अजून अंगात असलेल्या मुलांना ते दिलं आणि विषाणूला रान मोकळं मिळालं. मुलं औषधानं गेली. आणि ज्यांना खरंच हवं होतं, त्यांच्यासाठी एकही कुपी उरली नाही. म्हणून कुलूप आलं, आणि कुलूप लावणाऱ्या समितीत ऋता होती. तिच्या जागी मी असते तर मीही लावलं असतं.

पण तिच्या जागी ती होती, आणि माझ्या जागी मी.

"मला जरा वेळ दे," मी म्हणाले. "रक्त तपासून दाखवते तुला."

आमच्या सिस्टर नदाफ वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण सवयी माझ्यासारख्याच जुन्या. जुनं काही टाकायचं म्हटलं की त्यांना ताप येतो. त्यांनी फलकांच्या मागून काचेच्या लांब नळ्यांचा खोका काढला. आम्ही मायाचं थोडं रक्त गोठू न देणाऱ्या द्रावात मिसळून नळीत भरलं आणि नळी भिंतीशी उभी केली. ही तपासणी माझ्या आजीच्या काळातली. अंगात दाह असला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून जड होतात आणि भराभर तळाला बसतात. बरं असेल तर हळूहळू. यात वीज लागत नाही, पुणं लागत नाही.

तोवर मी हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र मायाच्या छातीवर टेकवलं. हृदय मरगळून आकसत होतं. डाव्या बाजूची नळी जिथं बारीक असायला हवी तिथं फुगली होती. भिंतीशी उभ्या काचेच्या नळीतलं रक्त तर बघता बघता खाली गेलं, वर नुसतं पिवळट पाणी राहिलं.

मी सगळं पडद्यासमोर धरलं. ऋतानं कॉफी बाजूला ठेवली.

"हातातल्या यंत्राचं चित्र पुरावा धरता येत नाही, आई. आणि नळीची नोंद करायला रकानाच नाहीये."

"रकाना नाहीये! अगं, रक्त आहे ना?"

"माझ्या एकटीच्या हातात असतं तर..." ती पुन्हा आकड्यांकडे वळली. "चमक पूर्ण आहे. दाह इतका असताना ती पूर्ण असूच शकत नाही. एक तर तू चुकतेयस नाही तर पट्टी. ती काढ, नवी लाव, मी इथून हलत नाही."

"नवीला स्थिरावायला एक रात्र लागते, हे तूच शिकवलंस. हिचा रक्तदाब खाली चाललाय. हिच्याकडे रात्र नाही. आणि सांगलीला पाठवावं तर तिथंही तुझंच कपाट."

 मी मायाच्या दंडावरची पट्टी सोलायला हात घातला, तर बायाक्कानं माझं मनगट धरलं.

"काढू नगा. देवाचं हाय ते."

"देवाचं कसलं? सरकारचं आहे."

"वरचं सरकारचं. खालचं देवाचं."

मी पट्टी उचकटली. खाली रुपयाएवढं वर्तुळ पिवळंधमक होतं.

"हे काय लावलंय?"

बायाक्का मान ताठ करून म्हणाली, "बिरोबाचा भंडारा. त्येलात कालवून. लेकराच्या अंगात सुया घालायच्या म्हंजी काय खेळ हाय व्हय? दर खेपंला म्या आदी भंडारा चोळतो, मग पट्टी. आदी देव, मग पट्टी."

"फक्त हिलाच?"

"आवं, समद्या माळावर तसंच करत्यात. पट्ट्या घिऊन येणाऱ्या आशाताईच्या पोरीला बी म्याच लावलाय."

तुम्ही देवमाळला आला नसाल, तर सांगते. इथं भंडारा म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे हवा. बिरोबाच्या जत्रेत ती पोत्यांनी उधळतात. देवळाच्या पायऱ्या पिवळ्या, रस्ते पिवळे, एसटीच्या टपावर पिवळा थर. या गावात नोकरी करून माझा एकही पांढरा कोट पांढरा राहिला नाही. लेकरू आजारातून उठलं की त्याला भंडारा लागतोच. यात लपवण्यासारखं काही नाही आणि सांगण्यासारखंही नाही, म्हणून मला कुणी कधी सांगितलं नाही.

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. "आक्का, कनवटीला आहे का भंडारा?"

"आसतोच की."

"आणि ती घोंगडी द्या."

खोलीत लख्ख ऊन होतं. मी बायाक्काची घोंगडी दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली. आत मिट्ट काळोख आणि मेंढराचा वास. एका हातात मी फोन धरला, म्हणजे ऋतालाही दिसेल. बायाक्कानं तळहातावर चिमूटभर भंडारा घेतला, सिस्टरांनी आत सरकवलेल्या बाटलीतल्या खोबरेल तेलाचा थेंब टाकून कालवला. मी वाचकाचं बटण दाबलं. निळा झोत पडला, आणि तिच्या खरबरीत तळहातावरची हळद हिरवीगार पेटली. कोवळ्या पानासारखी.

"आई गं," बायाक्का म्हणाली.

आणि त्या अंधारात माझ्या मुलीचा आवाज आला, यंत्रातला, साखरेत घोळलेला. "पणती तेवती आहे. काळजी नसावी."

हळदीत जे पिवळं द्रव्य असतं, ते निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं. तेलात तर ते छान विरघळतं. सुया ते आत ओढत होत्या. मायाच्या दंडावरची पणती केव्हाच विझली होती आणि आम्ही आठवडाभर हळदीचा उजेड बघत होतो.

मी घोंगडी फेकून दिली. पडद्यावर ऋता उभी राहिली होती, दोन्ही हात तोंडावर.

"ऋता, चाचणी घेताना पोरांचे दंड पुसून घेतले होतेत ना?"

"स्पिरिटनं," ती पुटपुटली. "तीनदा."

"शाब्बास! हळदीचा बाजार उशाशी, आणि पट्टी करताना एकाच्याही डोक्यात हळद आली नाही! जखमेला हळद, दुधात हळद, नवरीला हळद, देवाला हळद. तरी तुला म्हणत होते, लग्नात हळद लावून घे. म्हणालीस, कपडे खराब होतात."

मला रडू येत होतं आणि मी ओरडत होते. मला दोन्ही एकदमच येतं. बायाक्का मात्र खाटेचा पाय धरून खाली बसली होती.

"म्हंजी म्याच मारलं का वं माज्या नातीला?"

मी तिच्यापुढे उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले तरी. "आक्का, तुम्ही लेकराला देवाचं लावलंत. ते ओळखू न येणारं यंत्र ज्यांनी केलं, चूक त्यांची आहे. त्यातली एक माझ्या पोटची आहे, तिला मी बघून घेते. तुम्ही मायाचा हात धरून बसा."

मग मला भिंतीवरचं सन्मानचिन्ह दिसलं. 'आदर्श तालुका. चैती गुंतागुंत : राज्यात सर्वात कमी.' गेल्या वर्षी आम्हाला मिळालं होतं, हार घालून, फोटो काढून. सर्वात कमी! अख्खा तालुका हळदीनं चमकत होता, म्हणून. गेल्या महिन्यात खालच्या वाडीतलं एक पोरगं रुग्णालयात येता येता वाटेतच गेलं. त्याची पणती तेवत होती, म्हणून कागदावर जन्मजात हृदयदोष लिहिला गेला. त्याच्या आईला कुणी काय सांगायचं आता?

सन्मानचिन्हाला खाली काळ्या ग्रॅनाइटचा ठोकळा होता. चांगला वजनदार. ऋताला आता पटलं असलं तरी कुलूप समितीचं होतं, आणि समिती जमेपर्यंत रात्र उलटली असती. मी ते सन्मानचिन्ह भिंतीवरून काढलं.

"मॅडम," सिस्टर नदाफ म्हणाल्या, "दोन महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची."

"मग दोन महिनेच वाया जातील. सिस्टर, सलाईन चालू ठेवा आणि तुम्ही मागे व्हा. तुमची अजून बरीच नोकरी आहे."

त्या मागे झाल्या नाहीत. कपाट सरकू नये म्हणून त्यांनी ते दुसऱ्या बाजूनं दाबून धरलं.

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. "मी डॉक्टर मेघना चौगुले. शुद्धीवर आहे. हे कपाट मी फोडतेय." आणि आदर्श तालुका कुलपावर हाणला. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला भोंगा वाजायला लागला. कितव्या घावाला ते कुलूप सुटलं मला आठवत नाही, माझ्या हाताला रक्त आलं होतं आणि प्रतीक्षा कानांवर हात ठेवून बिरोबाचा धावा करत होती.

भोंग्याच्या आवाजात पडद्यावरून ऋता काहीतरी सांगत होती. मी तिकडे पाठच फिरवली. आता ती नियम सांगणार, थांब म्हणणार, आणि मला तिच्याकडे बघून थांबावंसं वाटणार. मी वरच्या कप्प्यातली कुपी घेतली.

"आई!" ती किंचाळली. "आई, ती नको! वरच्या कप्प्यातली जुनी आहे, ताकद कमी झालीये. खालच्या कप्प्यात डाव्या हाताला नवीन आहेत. आणि वजन किती आहे तिचं? वजन सांग, मी मात्रा काढते!"

मी वळून बघितलं. तिचा चेहरा ओलाचिंब होता. तिच्या मागे केंद्रातली माणसं उठून उभी राहिली होती, कुणीतरी तिच्या खांद्याला हात लावत होतं आणि ती तो हात झटकत होती.

"तुझी नोकरी जाईल, ऋते."

"वजन सांग!"

मी वजन सांगितलं. तिनं मात्रा सांगितली. माझ्या हातातून अजून रक्त गळत होतं, म्हणून सुई सिस्टरांनी लावली. मी नाडीवर बोट ठेवून बसले. मला वाटतं त्या दुपारी मी बिरोबालाही दोन शब्द सुनावले, तुझ्या भंडाऱ्यानं घोळ केलाय, आता तूच निस्तर म्हणून.

संध्याकाळी नाडी हाताला नीट लागू लागली. दिवेलागणीला मायानं डोळे उघडले आणि आजीला विचारलं, "माझ्या कोकराला पाजलं का?" बायाक्कानं पोरीला पोटाशी धरलं आणि मग इतक्या मोठ्यांदा रडली की बाहेरचा शिपाई धावत आला, त्याला वाटलं पोरगी गेली.

त्याच रात्री ऋतानं, अजून तिची खुर्ची शाबूत होती तोवर, अख्ख्या तालुक्याच्या पणत्या 'अविश्वसनीय' ठरवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही वाड्यावाड्यांवर काचेच्या नळ्या घेऊन फिरलो. आणखी मुलं सापडली, आपली पणती तेवतेय म्हणून घरी निजून असलेली. त्यांच्यासाठी सांगलीहून शमन आलं. कपाट उघडंच होतं.

वरून मात्र आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं : पणती लावलेल्या मुलांना भंडारा लावण्यास सक्त मनाई. लावल्यास पालकांवर कारवाई. मी ते वाचलं आणि माझा पारा असा चढला की सिस्टरांनी माझाच रक्तदाब घेतला. चूक पट्टीची, शिक्षा हळदीला!

चौकशी जिल्ह्याच्या गावी झाली. लांब टेबल, मध्ये चौकशी अधिकारी, भला माणूस, सारखा घाम पुसणारा. माझ्या बाजूनं बोलायला बायाक्का आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"चौगुले मॅडम," अधिकारी म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता, मान्य. कृतीबद्दल खेद वाटतो असं एक वाक्य लिहून द्या, मी सौम्य शेरा मारतो. पट्टी शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध आहे, पण लोकच जर असं काहीबाही फासू लागले..."

"साहेब," बायाक्का पुढं झाली, "लांबून आलो. देवाचा भंडारा तेवढा घ्या."

आमच्या मुलखात भंडाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. साहेबही तिथलेच. त्यांनी आपसूक मान पुढे केली आणि बायाक्कानं त्यांच्या कपाळावर चांगला ठसठशीत भंडारा लावला, घामात मस्त बसला. मी पिशवीतून वाचक काढला आणि त्यांच्या कपाळावर निळा झोत टाकला.

"पणती तेवती आहे," ऋताचा आवाज त्या खोलीत म्हणाला. "काळजी नसावी."

कोणी हसलं नाही. लिहून घेणारी मुलगी तेवढी खाली बघून ओठ चावत होती.

"साहेब, शास्त्रीयदृष्ट्या आता तुम्हाला कुठलाही दाह होऊ शकत नाही," मी म्हणाले. "खेद मला एकाच गोष्टीचा आहे. खालच्या वाडीतलं पोरगं गेलं, आणि त्याच्या पणतीखाली काय आहे ते मी बघितलं नाही. ते वाक्य हवं असेल तर लिहून देते. कपाटाबद्दल देणार नाही. तशी पोरगी पुन्हा आली तर मी पुन्हा फोडेन."

त्यांनी मला निलंबित केलं. माझा निरोप समारंभ रद्द झाला, भाषणं ऐकायची वाचली. ऋताला प्रमुखपदावरून काढलं, पण पट्टी तिच्याशिवाय कुणाला दुरुस्त करता येईना, म्हणून प्रयोगशाळेत ठेवलं. ती आता दुसरं रंगद्रव्य शोधते आहे, लालबुंद चमकणारं, जिथं हळदीचा उजेड पोचत नाही. आणि मनाईच्या परिपत्रकावर पहिली हरकत तिनंच घेतली. ते मागं घ्यावं लागलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ती देवमाळला आली. स्वतः गाडी चालवत, मागे नवं कपाट. बायाक्का माळावरून मायाला घेऊन आली होती. मायाच्या हृदयाची नळी हळूहळू पूर्ववत होतेय. तिला अजून पळायची परवानगी नाही आणि ती पळतेच. बायाक्कानं ऋताला नखशिखांत न्याहाळलं आणि मूठभर भंडारा घेऊन तिच्या दोन्ही गालांना चोळला. कपडे खराब झाले. ऋता खाली वाकून म्हातारीच्या पाया पडली.

मग तिनं खिशातून एक चावी काढून माझ्यापुढे धरली. साधी, पितळेची, दुकानात मिळते तशी.

"नव्या कपाटाची," ती म्हणाली. "केंद्राचं कुलूप आहेच. पण या चावीनंही उघडतं. उघडलं की नोंद होते, जाब द्यावा लागतो, पण उघडतं. फार भांडले मी यासाठी. प्रत्येक रुग्णालयाला एक देणारेत. पहिली तुला."

मी चावी हातात घेतली. गार होती. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्याच्यानं ते चारचौघांत होत नाही. मी तिच्या गालावरचा भंडारा उगाच पदरानं पुसायला लागले.

"मी आता नोकरीत नाही," मी म्हणाले आणि दारात उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरला हाक मारली. कौस्तुभ त्याचं नाव, नुकताच शिकून आलेला, कोट अजून पांढरा. मी चावी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती अशी धरली जणू चटका बसतोय.

"आधी लेकरू बघायचं," मी म्हणाले. "मग पट्टी."

"आणि मॅडम, उघडलं, आणि चौकशी लागली तर?"

"लागू दे. मला रस्ता माहीत झालाय, मी येईन सोबत. बायाक्कालाही घेऊ."